वहिनींची पिशवी

वहिनी वाइनच्या थेंबाला कधी शिवल्या नव्हत्या, पण त्यांच्याइतकी वाइन त्या शहरात दुसऱ्या कोणी नासवली नसेल. नासवणं हाच त्यांचा धंदा होता. घाऊक बाजारातून सुटी वाइन आणायची, म्हणजे बाटलीत न भरलेली, पिंपावर विकली जाणारी. ती तळमजल्यावरच्या दोन गॅरेजांतल्या लाकडी पिंपांत ओतायची, जुन्या शिरक्याचं विरजण लावायचं आणि ती आंबून आंबून तिचा शिरका होईपर्यंत धीर धरायचा. बाटलीवर ज्याला 'व्हिनेगर' म्हणून छापतात, तोच हा. हॉटेलवाले वहिनींचा शिरका रांग लावून नेत, आणि तो नेला नाही तर त्यांचे आचारी रुसून बसत, असं निदान वहिनींचं म्हणणं होतं.

खरं पाहता त्या एकाच माणसाच्या वहिनी. पण त्यांचे धाकटे दीर जिन्याखालून त्यांना अशी काही हाक मारत, की पहिल्याच वर्षी सगळी इमारत त्यांना वहिनी म्हणू लागली, मग दूधवाला, मग बँक. घाऊक व्यापारीही त्यांना वहिनीच म्हणत, आणि भाव वाढवायचा असला की जरा जास्तच प्रेमाने म्हणत.

त्या दिवशी त्यांनी 'वहिनी' हा शब्द इतका लांबवला, की वहिनींनी पर्स मांडीवर घट्ट धरली.

"पिंपाचा भाव वर गेलाय," घाऊकवाले म्हणाले.

वहिनींनी पर्समधून पेपर काढला. जगात वाइन उदंड झाली आहे, लोक पूर्वीसारखे पीत नाहीत, टाक्या भरून वाहताहेत आणि बागायतदार चांगल्या धरत्या वेली उपटून टाकताहेत, असं त्यात आतल्या पानावर छापलं होतं. वहिनींनी त्याखाली लाल रेघ मारून आणली होती.

"मग भाव वर कसा?"

"वहिनी, जहाज," घाऊकवाले म्हणाले. "कालव्याच्या वाटेवर गडबड आहे. जहाजं अख्ख्या खंडाला वळसा घालून येताहेत."

"गेल्या वेळी म्हणालात पीक कमी आलं."

"गेल्या वेळी कमीच होतं."

"त्याच्या आधी म्हणालात कंटेनर मिळत नाहीत."

"तेव्हा खरंच मिळत नव्हते हो."

"म्हणजे पीक कमी झालं तरी भाव वर, आणि जास्त झालं तरी वर. मग खाली कशाने येतो?"

घाऊकवाल्यांनी क्षणभर प्रामाणिकपणे विचार केला. असा प्रश्न त्यांना कोणी विचारला नसावा. मग ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "तुमचं काम छोटं आहे, वहिनी. तुम्ही आपलं आंबवायचं बघा. हे दर्यापारचे व्यवहार आम्हा लोकांवर सोडा."

भाववाढ वहिनींनी पचवली असती. दरवर्षी पचवतच होत्या. पण 'आपलं आंबवायचं बघा' हे वाक्य त्यांच्या घशात अडकलं ते घरी आल्यावरही उतरेना. त्यांनी चपला कोपऱ्यात भिरकावल्या आणि पंख्याखाली बसून जाहीर केलं, "यंदा माल मी स्वतः मागवणार. थेट."

त्यांचे यजमान पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले होते. आयुष्यातल्या सर्व प्रश्नांना त्यांच्याकडे दोनच उत्तरं होती, व्हॉल्व्ह उघडा किंवा व्हॉल्व्ह बंद करा. या प्रश्नात व्हॉल्व्ह कुठे आहे हे न कळल्यामुळे ते गप्प राहिले. धाकटे भाऊजी मात्र गप्प राहणाऱ्यांतले नव्हते. ते जहाज कंपनीच्या कचेरीत वीस वर्षं कागद रंगवत होते. स्वतः जहाजावर एकदाही चढले नव्हते, कारण त्यांना होडीच्या चित्राकडे बघूनही मळमळायचं. पण दर्याविषयी बोलायला लागले की ऐकणाऱ्याच्या ओठांवर मीठ यायचं.

"सुटी वाइन येते कशी, माहीत आहे का वहिनी? पिंपांतून नाही येत. कंटेनरच्या पोटात एक भली थोरली प्लास्टिकची पिशवी अंथरतात आणि ती नळीने भरतात. भरली की जेवून पडलेल्या अजगरासारखी दिसते. पिंपं वगैरे इथे आल्यावर."

"किती मावतं त्यात?"

"चोवीस हजार लिटर."

"त्याहून लहान पिशवी?"

"नसते. अर्ध्या डब्यासाठी कोण जहाज हलवतंय?"

"मला चौथा हिस्साच पुरे आहे."

"मग चौथा हिस्साच घ्या ना, घाऊकवाल्यांकडून," भाऊजी म्हणाले. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. पण या एका वाक्याने जे ठरायचं ते ठरून गेलं.

विक्रेता शोधायला वेळ लागला नाही. ज्यांच्या टाक्या भरून वाहतात ती माणसं सापडायला सोपी असतात. फोनवर दूरदेशीचा एक बागायतदार आला. त्याला वहिनींची भाषा येत नव्हती, वहिनींना त्याची, म्हणून दोघं एका तिसऱ्याच भाषेची मोडतोड करत बोलले. त्याने भाव सांगितला. वहिनींना वाटलं ऐकण्यात चूक झाली. तरी सवयीने म्हणाल्या, "थोडं कमी करा." तो लगेच हो म्हणाला. वहिनींना याचा रागच आला. एका दमात हो म्हणणाऱ्या माणसाशी घासाघीस करण्यात काय राम आहे? त्यांनी आणखी थोडं कमी करायला सांगितलं. तो त्यालाही हो म्हणाला, आणि मग त्याचा आवाज जरा बसला.

"न्या बाई," तो म्हणाला. "नवीन द्राक्षं तोंडावर आली आहेत. टाकी रिकामी झाली नाही तर ही मला गटारात सोडावी लागेल. चांगली आहे हो. माझ्या वडिलांनी लावलेल्या वेली आहेत."

वहिनींनी आपणहून भाव थोडा वर नेला. असला प्रकार त्यांच्या धंद्यात पूर्वी कधी झाला नव्हता, पुढेही झाला नाही, आणि यजमानांपासून त्यांनी तो बरेच दिवस लपवला.

पण वाइन स्वस्त म्हणजे वाइन मिळाली असं नव्हे, हे हळूहळू उलगडत गेलं. वाइनपेक्षा तिचा प्रवास महाग होता. जहाजाचं भाडं वेगळं, वळसा घालण्याचं वेगळं, इंधन महागल्याबद्दल आणखी वेगळं. पिशवीचे पैसे निराळे, पिशवी अंथरणाऱ्याचे निराळे, ती फाटलीच तर म्हणून विम्याचे निराळे. भाऊजी रोज संध्याकाळी एक नवा खर्च घेऊन येत आणि अपराध्यासारखे चहा मागत. तिसरं गॅरेज विकत घेण्यासाठी वहिनींनी मुदतठेव करून ठेवली होती. ती मोडली. बँकेतली मुलगी म्हणाली, "काही अडचण आहे का, वहिनी?" वहिनी म्हणाल्या, "अडचण नाही. जहाज आहे."

बातमी फुटली. इमारतीतल्या माणसांना सल्ला द्यायला एरवी विषय पुरत नाहीत, आणि इथे तर चोवीस हजार लिटर विषय होता. दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी लाल वाइन हृदयाला चांगली असते असं सांगितलं आणि माल कधी येणार तेही विचारलं. त्यांच्या बायकोने ती यकृताला वाईट असते असं सांगितलं आणि हे डॉक्टरांकडे बघून सांगितलं. ज्यांच्या घरी साधा डाक-मनिऑर्डरचा व्यवहार नव्हता तेही कालव्याच्या कोंडीवर बोलू लागले. सगळ्यांत जास्त काळजी वाटली ती इमारतीच्या सेक्रेटरींना. ते तळमजल्यावर, गॅरेजांच्या समोरच राहत आणि नियमांवर त्यांचं मनापासून प्रेम होतं.

"एवढं ठेवणार कुठे?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न वहिनींना पडला नव्हता असं नाही. पण त्याचं उत्तर त्यांनी यजमानांवर सोपवलं होतं, कारण अखेर यात व्हॉल्व्ह आला होता. निवृत्तीनंतर प्रथमच यजमान सकाळी दाढी करून बाहेर पडले. जुन्या खात्याच्या गोदामातून त्यांनी पोलादाची एक मोठी टाकी मिळवली, आतून घासून लखलखीत करून घेतली, आत अस्तर लावून घेतलं आणि क्रेनवर टांगून इमारतीत आणली. ते स्वतः क्रेनच्या पुढे हात हलवत चालत आले. इतके ताठ ते लग्नातही चालले नव्हते.

टाकी गॅरेजच्या दारातून आत जाईना. उभी जाईना, आडवी जाईना, तिरकी तर मुळीच जाईना. यजमानांनी टाकी मोजली होती, गॅरेज मोजलं होतं, दार मोजायचं राहिलं होतं. क्रेनवाल्याला दुसरीकडे जायचं होतं. त्याने टाकी अंगणात ठेवली आणि तो निघून गेला. ती बरोबर सेक्रेटरींच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपुढे बसली.

सेक्रेटरींच्या घरात भर दुपारी दिवा लागू लागला. त्यांनी सभा बोलावली. सभेत वहिनी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "टाकी हलेल. माझा माल आला, आंबला, विकला, की हलेल."

"याला किती दिवस लागतील?"

"ते जहाजाला विचारा," वहिनी म्हणाल्या, आणि त्या क्षणी आपण घाऊकवाल्यांसारख्या बोललो हे लक्षात येऊन त्यांना इतकी लाज वाटली, की सभेत ठरलेला टाकीचा दंड त्यांनी वाद न घालता कबूल केला.

इकडे जहाज निघालं होतं. मोबाइलवर त्याचा ठिपका दिसायचा. यजमान सकाळी उठून आधी ठिपका बघत, मग तोंड धूत. एक दिवस ठिपका पुढे गेला, पण भाऊजी मान खाली घालून आले.

"वहिनी, जहाज येतंय. आपला डबा त्यावर नाही."

"म्हणजे?"

"मधल्या बंदरात उतरवला. तिथे पहिल्या जहाजावरून या मोठ्या जहाजावर चढवायचा होता, पण जागा कमी पडली. अशा वेळी मोठ्या गिऱ्हाइकांचे डबे आधी घेतात."

"माझा डबा खाली उतरवला?" वहिनींनी सावकाश विचारलं. भर रस्त्यात बसमधून कोणी उतरवावं तसा त्यांचा चेहरा झाला. "आणि चढवला कोणाचा?"

भाऊजींनी चहाच्या कपात बघितलं. "बऱ्याच जणांचे होते. घाऊकवाल्यांचेही चार."

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. गॅरेजात कामाला येणाऱ्या दोघी बायका रिकाम्या पिंपांवर फडकं मारत बसत. हॉटेलवाल्यांचे फोन आले तर वहिनी घेत नसत. ज्याला त्याला विचारायला एकच प्रश्न होता, आलं का जहाज. दूधवालाही विचारायचा. यजमान एकदाच म्हणाले, "आपण घाऊकवाल्यांकडून तात्पुरती दोन पिंपं घेऊ या का?" वहिनींनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते टाकीचा व्हॉल्व्ह तपासायला खाली निघून गेले आणि जेवायलाच वर आले.

वहिनी मात्र स्वस्थ बसल्या नव्हत्या. मधल्या बंदरातल्या कचेरीला त्या रोज फोन लावत. तिथला माणूस रोज तेच सांगे, मोठ्या जहाजावर जागा नाही. शेवटी वहिनींनी विचारलं, "लहान जहाज नाही का तुमच्याकडे?" एक होतं. जुनं, संथ, दर बंदरात थांबत थांबत किनाऱ्याकिनाऱ्याने येणारं. त्यावर कोणी माल चढवायला तयार नसे. "त्यावर चढवा," वहिनी म्हणाल्या.

आणि इथे दैवाने, आयुष्यात एकदाच, वहिनींची बाजू घेतली. घाऊकवाल्यांचे चार डबे घेऊन निघालेलं मोठं जहाज दुसऱ्या एका बंदराबाहेर अडकलं. तिथे माल उतरवणाऱ्यांचा संप होता, आत जायला जागा नव्हती, आणि ते नांगर टाकून हललंच नाही. जुनं डबडं मात्र लहान लहान बंदरांत घुसत, धापा टाकत त्याच्या पुढे निघून आलं. भाऊजींनी ही बातमी आणली तेव्हा जिन्याखालून मारलेली हाक चौथ्या मजल्यापर्यंत गेली.

बंदरावर वहिनी स्वतः गेल्या. कपाटातली चांगली साडी नेसून, भाऊजी आणि यजमान दोन बाजूंना घेऊन. कस्टमच्या मॅडम तरुण होत्या, चष्म्यावरून बघत आणि कमी बोलत. त्यांच्यापुढे प्रयोगशाळेचा अहवाल होता.

"शिरक्यासाठी कच्चा माल, असं तुम्ही लिहून दिलंय."

"हो."

"अहवालात म्हटलंय, उत्तम. चव, रंग, वास, सगळं उत्तम. ही पिण्याची वाइन आहे. पिण्याच्या वाइनला मद्याचा परवाना लागतो, कर वेगळा लागतो."

"मला ती पिण्यासाठी नकोय. नासवायलाच हवी आहे."

"मग नासलेली आणायला हवी होती."

"नासलेली आणली तर मी काय करू?" वहिनी म्हणाल्या. "माझं काम तेच आहे."

मॅडमना हे पटल्यासारखं दिसलं, पण पटणं हा काही नियम नव्हे. त्यांनी पुस्तक उघडलं. नियम असा होता, की बंदराबाहेर पडण्यापूर्वी मालात अधिकाऱ्यांच्या देखत पुरेसा शिरका मिसळावा, म्हणजे तो पिण्याच्या लायकीचा राहणार नाही. मग तो कच्चा माल म्हणून सुटेल.

वहिनींनी घरचा शिरका आणवला. साधा नव्हे. लवकर आणि जास्त आंबट करणारा म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं राखून ठेवलेला, त्यांच्या जिवाचा शिरका. टेम्पोतून उतरणारं एकेक पिंप त्यांनी मोजून घेतलं. मग कळलं, पिशवीत जागाच नाही. ती काठोकाठ भरलेली, शिरका ओतला तर फुटेल. शिरक्यासाठी आधी थोडी वाइन बाहेर काढायला हवी.

"काढता येणार नाही," मॅडम म्हणाल्या. "बाहेर काढाल ती शिरका न मिसळलेली असेल. म्हणजे पिण्याची. तिला परवाना लागेल."

यजमान म्हणाले, "व्हॉल्व्ह उघडल्याशिवाय कसं होणार?" भाऊजी म्हणाले, वरिष्ठांकडे अर्ज करू. वहिनी कंटेनरच्या सावलीत एका खोक्यावर बसल्या. रिकामा डबा जहाज कंपनीला परत करायची मुदत जवळ येत होती, त्यानंतर रोजचं भाडं लागणार होतं. दाराच्या फटीतून पिशवीचं फुगलेलं पोट दिसत होतं.

तेवढ्यात घाऊकवाल्यांची गाडी येऊन थांबली. ते घाम पुसत उतरले. त्यांनी अहवाल आधीच मिळवला होता. मद्याचा परवाना त्यांच्याकडे होता, कर भरायची तयारी होती, आणि त्यांचे बाटल्या भरणारे कारखाने माल नाही म्हणून ओरडत होते.

"वहिनी," ते म्हणाले, आणि या वेळी तो शब्द त्यांनी नदीसारखा लांबवला, "ही मला द्या. आहे तशी. इथेच." त्यांनी भाव सांगितला. वहिनींच्या सगळ्या खर्चाच्या दुपटीहून तो वर होता.

यजमानांच्या डोळ्यांपुढे तिसरं गॅरेज उभं राहिलं, मोठ्या दाराचं. भाऊजी कुजबुजले, "वहिनी, धंदा म्हणजे धंदा. घ्या आणि घरी चला." मॅडमही पुस्तकातून मान वर करून बघू लागल्या. कागदाच्या दृष्टीने हेच सोपं होतं.

वहिनींनी पदर सावरला. "ठीक आहे. देते. मग पुढच्या महिन्यात मला पिंप कोणत्या भावाने द्याल?"

"बाजारभावाने."

"तो कोण ठरवतो?"

घाऊकवाले हसले. "बाजार ठरवतो, वहिनी. आपण कोण?"

"इथे बाजारात तुमच्याशिवाय दुसरं कोण आहे?"

ते पुन्हा हसले. वहिनी खोक्यावरून उठल्या.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "रिकाम्या पिंपात आधी शिरका घालते. त्यावर पिशवीतली वाइन सोडते. म्हणजे बाहेर पडणारी धार शिरक्यातच पडेल आणि तिथल्या तिथे बिघडेल. पिशवीत जागा झाली की वरून शिरका भरते. पिण्यासारखा एक थेंब बाहेर राहणार नाही. चालेल?"

मॅडमनी पुस्तकाचं पान उलटलं, परत पहिल्या पानावर आल्या, आणि पुस्तक मिटलं. "चालेल," त्या म्हणाल्या. "याला नियमात नाही म्हटलेलं नाही."

"वहिनी, विचार करा," घाऊकवाले म्हणाले. "असला माल कोणी नासवतं का? पाप आहे हे."

"मी आपलं आंबवायचं बघते," वहिनी म्हणाल्या. "अहो, व्हॉल्व्ह उघडा."

यजमान याच वाक्यासाठी जन्माला आले होते. त्यांनी व्हॉल्व्ह उघडला. लाल धार शिरक्यात पडली, सगळ्या शेडभर आंबूस वास सुटला, आणि मुकादमापासून मॅडमपर्यंत साऱ्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. घाऊकवाल्यांच्याही आलं, ते मात्र वासाने नसावं. काम संपल्यावर मॅडमनी बोट बुडवून चव घेतली, चेहरा वेडावाकडा केला आणि समाधानाने शिक्का मारला, पिण्यास अयोग्य.

इतकं झाल्यावर माल सुखरूप टाकीत जायला हरकत नव्हती. पण कंटेनरचा लांबलचक ट्रक अंगणाच्या फाटकातून वळून आत येईना. तेव्हा यजमानांनी रस्त्यापासून टाकीपर्यंत नळी टाकली आणि खात्यातून पंप मागून आणला. तो पाचव्या मजल्यावर पाणी चढवणारा पंप होता, आणि त्याला आपली योग्यता माहीत होती. बटण दाबताच नळी सापासारखी उठली, टाकीच्या तोंडातून निसटली आणि अंगणभर फिरली. दोऱ्यांवरच्या चादरी, डॉक्टरांची पांढरी गाडी आणि 'मद्यसाठा करण्यास मनाई आहे' अशी नोटीस चिकटवायला आलेले सेक्रेटरी, सगळे एका रंगाचे झाले.

यजमानांनी पंप बंद केला. खिडक्याखिडक्यांतून माणसं बघत होती. सेक्रेटरींच्या नाकावरून थेंब गळत होता.

"वहिनी," ते म्हणाले, "इमारतीत दारू."

वहिनींनी पर्समधून शिक्क्याचा कागद काढला आणि त्यांच्यापुढे धरला. "दारू नाही. सरकारने चव घेऊन सही केली आहे. हवं तर तुम्हीही घ्या."

सेक्रेटरींनी ओठ चाटले. त्यांचाही चेहरा मॅडमसारखाच वेडावाकडा झाला. पण ते नियमाचे पक्के होते. हातातल्या ओल्या नोटिशीची त्यांनी घडी घातली आणि पंपाच्या आवाजाबद्दल दुसरी लिहायला घरात गेले.

वहिनींनी ज्यांच्या त्यांच्या चादरी धुऊन दिल्या. क्षमा मागितली नाही, पण प्रत्येक चादरीबरोबर शिरक्याची एक बाटली दिली आणि डाग याने निघतील असं सांगितलं. निघाले नाहीत. त्या वर्षी इमारतीतली अर्धी माणसं गुलाबी चादरींवर झोपली.

यानंतर खरा घाव बसला. अडकलेलं मोठं जहाज सुटलं, त्याच्यामागून आणखी तीन आली, आणि शहरात एकदम इतकी वाइन उतरली की घाऊकवाल्यांच्या गोदामात पाय ठेवायला जागा उरली नाही. त्यांनी भाव पाडला. थोडा नाही, वहिनींना स्वतःच्या मालाचं पिंप जेवढ्याला पडलं होतं त्याच्याही खाली. भाऊजींनी दोनदा हिशेब करून पाहिला आणि दोन्ही वेळा तेच उत्तर आलं.

"थोडं थांबला असतात, तर काही न करता यापेक्षा स्वस्त मिळालं असतं," ते हळूच म्हणाले. इमारतीने हेच मोठ्याने म्हटलं. दूधवाल्याने काही म्हटलं नाही, पण त्याने दूध ज्या रीतीने ओतलं ते बोलकं होतं. शहरातले बाकीचे शिरकेवाले घाऊकवाल्यांकडून स्वस्त पिंपं उचलत होते आणि वहिनींना आठवून हसत होते.

वहिनी दोन दिवस गॅरेजात बसून पिंपांना कान लावत राहिल्या, जणू आत आंबणारा माल त्यांना काही सांगणार होता. तिसऱ्या दिवशी पुन्हा चांगली साडी नेसल्या आणि भाऊजींना म्हणाल्या, "चला."

घाऊकवाल्यांनी हसून खुर्ची पुढे केली. पडलेल्या माणसाशी ते फार सभ्यपणे वागत.

"बोला, वहिनी. काय सेवा करू?"

"दहा पिंपं द्या. आजच्या भावाने."

भाऊजींनी वहिनींकडे बघितलं. घाऊकवाल्यांनीही बघितलं. "दहा? पण तुमची टाकी तर भरलेली आहे ना?"

"आहे. पण भाव चांगला आहे. चांगल्या भावाला नाही का म्हणायचं? आंबलेला शिरका जेवढा जुना तेवढा महाग जातो. आणि हाच भाव मला वर्षभर हवा आहे."

"वर्षभर कसा देऊ, वहिनी? जहाजांचं काय सांगता येतं?"

"बघा बाई, तुम्हाला जमलं तर. नाही जमलं तर काही नाही," वहिनी सहज म्हणाल्या. "माझी दुसरी पिशवी येईपर्यंतच हवं होतं. ती आली की माझं भागेल, आणि बाकीच्या शिरकेवाल्यांनाही थोडं थोडं देईन म्हणते. चौथ्या हिश्शावर मला काही लागत नाही."

घाऊकवाल्यांचं हसू जिथल्या तिथे थांबलं. त्यांनी पोऱ्याला चहा सांगितला, मग टेबलावरचा कॅल्क्युलेटर एकदा जवळ घेतला, एकदा दूर सारला. बाहेर हमाल पिंपं रचत होते, जागा नसल्यामुळे एकावर एक. चहा आल्यावर त्यांनी वर्षभराचा भाव सांगितला. वहिनींनी त्यातून थोडं कमी करून घेतलं. या वेळी माणूस एका दमात हो म्हणाला नाही, त्यामुळे त्यांना फार बरं वाटलं.

रस्त्यावर आल्यावर भाऊजी थांबले. वीस वर्षं ते कागदावर जहाजं हाकत होते, पण असं काही त्यांनी पाहिलं नव्हतं.

"वहिनी, दुसरी पिशवी कधी मागवलीत? मला काहीच बोलला नाहीत."

"मागवलीय कुठे?"

"मग?"

"त्यांना कुठे माहीत आहे?" वहिनी म्हणाल्या, आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या. तिथे वळून त्यांनी, चालत्या गाड्यांवरून ऐकू जाईल अशा आवाजात, भाऊजींना हाक मारली. "पण सध्या जहाजाचं भाडं काय चाललंय, ते विचारून ठेवा. विचारायला पैसे पडत नाहीत."